शेवटी मुखवट्याचं गाणं

त्याला सगळं जग सरडा म्हणायचं. पेपरवाल्यांनी चिडवायला ठेवलेलं नाव. पण गडी असा वस्ताद, की त्यानं तेच उचललं आणि पोस्टरावर छापून टाकलं. रॉक गाणारा माणूस एकदा एक सोंग जमलं की जन्मभर तेच दळत बसतो. ह्याचं तसं नव्हतं. आधी चामडी जाकीट घालून गिटार बडवली. लोकांना ते आवडायला लागलं तोवर ह्यानं तोंडाला रंग फासला, डोळ्यांत काजळ घातलं, अंगात चमचम चढवली. मग पांढरा कापडी मुखवटा आणि हळू, काळजात कालवाकालव करणारी गाणी. त्यानंतर वर्दी, बूट आणि दणादण ड्रम. आणि आता केस पिकल्यावर नुसती यंत्रं. स्वतःचा आवाजसुद्धा मशीनमधून गाळून घ्यायचा, चाळणीतून पीठ घ्यावं तसा.

सोंग बदललं की त्याचा एक ठरलेला रिवाज होता. जुने कपडे ट्रंकेत भरायचे, ट्रंक माळ्यावर टाकायची, आणि त्या सोंगातलं गाणं परत तोंडात आणायचं नाही. कार्यक्रमात कुणी ओरडलं, "अहो, जाकिटाच्या वेळचं एखादं होऊ द्या!" तर माइकमध्ये थंडपणे म्हणायचा, "तो माणूस गेला. मी ओळखत नाही त्याला." लोक टाळ्या पिटायचे. लोकांना काय, गंमत वाटायची.

घरात मात्र गंमत नव्हती. सोंगं पाच आणि बायको एकच ना.

बायकोची लॉन्ड्री होती. लग्नाच्या आधीपासूनची. पुढं दुकान, मागं स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून वर जिना आणि जिन्याच्या तोंडाशी दार. वर त्याची खोली. लॉन्ड्रीवालीचा हात डाग काढण्यात असा होता, की शाई म्हणू नका, रक्त म्हणू नका, गंज म्हणू नका, तिच्यापुढं टिकायची बिशाद नव्हती. कापडावर डाग राहिला तर बाईला घास गिळवायचा नाही. दुसऱ्याच्या घरी जेवायला गेली तरी टेबलावरच्या कापडाचा डाग नखानं खरवडत बसायची.

सरड्याच्या बँडचे कपडे तिच्याकडंच यायचे. घेऊन यायचा त्याचा बास गिटारवाला. त्याला सगळे मुका म्हणायचे. तसा मुका नव्हता, पण शब्द खर्चायला जिवावर यायचं त्याच्या. काउंटरवर गठ्ठा ठेवायचा, डाव्या हाताच्या बोटानं डाग दाखवायचा आणि उगीच उभा राहायचा.

"अजून काही?" ती विचारायची.

मान हलवायचा आणि निघून जायचा.

एक दिवस रेडिओवर मुखवट्याचं पहिलं गाणं लागलं. 'जराशी थांब.' आवाज कसला, पाठीवरून कुणी हात फिरवावा तसा. हातात इस्त्री, इस्त्रीखाली कुणाचा तरी शर्ट, आणि ही आपली पुतळ्यासारखी उभी. गाणं संपलं तेव्हा शर्टाला भोक पडलेलं. तोवर उभ्या आयुष्यात तिनं एकही शर्ट जाळला नव्हता. मुका तेव्हा काउंटरपुढंच उभा होता, गठ्ठा घेऊन. तो कधी नव्हे तो हसला, आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

त्यानं जाऊन सांगितलं असणार, कारण दुसऱ्याच दिवशी सरडा स्वतः दुकानात हजर. मुखवटा काखेत. "माझं गाणं ऐकून शर्ट जाळणारी बाई हीच का?"

पुढं काय, लग्न झालं.

वरच्या खोलीत बँडची तालीम चालायची. तालीम संपली की मुका खाली यायचा, आणि जिन्याचं दार उघडं असलं तरी आधी ते लोटून घ्यायचा आणि दोन बोटांनी वाजवायचा. टकटक. "वहिनी, आत येऊ का?" त्याचं सगळ्यात लांबलचक वाक्य ते. "या की भाऊजी, दार काय तुम्हाला परकं आहे?" ती म्हणायची. तो खुर्चीच्या काठावर टेकायचा आणि डाव्या हातानं चहा ढवळत बसायचा. चमचा कपाला लागायचा नाही, इतका हलका हात.

नवऱ्याला ती कधी म्हणायची, "अहो, ते 'जराशी थांब' म्हणा ना. हळूच. माझ्यापुरतं."

"अगं, घसा बसलाय."

घसा कायम बसलेला. आणि खोकला, ढासच ती, सिगारेटींची. ती समजून घ्यायची. कार्यक्रमात तर तोंडावर मुखवटाच असायचा, आणि आवाज मोठमोठ्या कर्ण्यांतून.

मग एका ओल्या रस्त्यावर बँडची व्हॅन घसरली. बाकीच्यांना खरचटलं, मुका जागच्या जागी गेला. सरडा घरी आला, काही न बोलता मुखवटा ट्रंकेत टाकला आणि वर्दी शिवायला दिली. ते हळू गाणं त्यानं परत कधी केलं नाही. ती म्हणाली, दोस्ताचं दुःख आहे, होईल शांत. शांत झाला तो असा झाला, की जेवायला हाक मारली तर वरून "हं" आणि ताट ठेवलं तर "हं". बरीच वर्षं ह्या "हं"वर संसार चालला. मुखवट्याच्या दिवसांतला नवरा तिला परत हवा होता. एवढंच होतं तिचं मागणं. पण तो माणूस नेमका कसा वागायचा, कसा हसायचा, हे आठवायला बसली की तिला आवाजच आठवायचा. बाकी काही हाती लागायचं नाही.

आणि मग कंपनीच्या डोक्यात आलं, की सरड्याच्या सगळ्या सोंगांतली निवडक गाणी काढून एकच मोठी काळी तबकडी काढायची. आजकाल त्या तबकड्यांची परत हौस आलीय लोकांना. सरडा आधी भडकला. कंपनीनं करार दाखवल्यावर गप्प बसला, पण दोन गोष्टी बजावल्या. "मला त्यातलं एक अक्षर ऐकवायचं नाही. आणि शेवटचं गाणं आजचं. शेवटी मी."

काम गेलं तबकड्या कोरणाऱ्या कानसेनकडं. चपलांच्या दुकानाखाली तळघरात त्याची खोली. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, मधोमध तबकडी कोरायचं मशीन, पितळेचं, आजोबासारखं. त्याचा कान असा की वरच्या दुकानात कुणी बूट घालून बघितला तर डावा की उजवा ते सांगायचा. म्हणजे असं तो म्हणायचा. जुन्या टेपा ओल जावी म्हणून आधी मंद शेकायच्या, मग कॉम्प्युटरवर घ्यायच्या, खरखर पुसायची, आणि सगळं मनासारखं झालं की हिऱ्याच्या सुईनं तबकडीत कोरायचं. रोज एकेक गाणं घ्यायचा.

पहिल्या दिवशी लॉन्ड्रीवाली स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. वरून शीळ ऐकू आली. सरडा आणि शीळ? मग जिन्यावर धाडधाड पावलं, दोन-दोन पायऱ्या एकदम. ज्या माणसाचा गुडघा रोज सकाळी आयाबहिणींच्या नावानं ओरडतो, तो माणूस उड्या मारत खाली आला, दाराला टेकून उभा राहिला आणि तिला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "काय गं पोरी, तू कोण? कपडे घ्यायला आलीस होय?"

तिच्या हातातला बटाटा खाली पडला.

"अहो, काय हे? चेष्टा पुरे."

"चेष्टा कसली? दिसतेस झकास, म्हणून विचारलं." डोळा मारला, पाव उचलला, उभ्या-उभ्या खाल्ला आणि शीळ घालत वर गेला. जाकिटाच्या काळात तो तिला ओळखतच नव्हता. हे तिच्या लक्षात आलं आणि मानेवरून गार पाणी ओघळल्यासारखं झालं.

दिवस कलला तसा तो फिका पडत गेला. जेवायला आला तो एकेक पायरी मोजत, गुडघा धरून. "हं," म्हणाला आणि बसला. सकाळचं काही एक आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांत काजळ. घरात काजळाची डबी नाही, कधी नव्हती, आणि ह्याचे डोळे काळेभोर. आरशापुढं मान वेळावतोय, स्वतःशीच खिदळतोय. तिनं दुकानात येऊन कानसेनला फोन लावला.

"दादा, आज कुठलं गाणं घेतलंय?"

"रंग फासायच्या वेळचं. का हो ताई?"

"आणि काल?"

"काल जाकिटाचं. ताई, सरड्यानं हेरगिरीला लावलंय का तुम्हाला?"

तिनं सगळं सांगितलं. कानसेन असा हसला की फोन कानापासून लांब धरावा लागला. "ताई, म्हातारपणी नवरा नटायला लागला तर दुसरीकडं कुठं काही नाही ना, ते बघा आधी!"

"दात काढू नका. एक काम करा. आत्ता वर्दीचं लावा. मी जिन्यात उभी राहते फोन घेऊन."

त्यानं लावलं. चार ठोके पडले नसतील, वर खिदळणं मधेच तुटलं आणि पावलं सुरू झाली. डावा उजवा, डावा उजवा. फळ्यांवरची धूळ तिच्या डोक्यावर पडायला लागली. तिनं फोन वर छताकडं धरला. पलीकडं कानसेन ऐकत राहिला.

"बंद करा," ती म्हणाली.

"केलं," तो म्हणाला. आवाज पार उतरलेला. "ताई, माझ्या अंगावर काटा आलाय. पण हे विरतं ना? घटकाभरानं जातं ना?"

"जातं. धुतल्यावर जाणारा रंग कच्चा असतो, दादा. पण तुम्ही कोरणार त्याचं काय? तो पक्का ना?"

"तबकडीत कोरलेलं कुठं जायला बसलंय. ते तसंच राहणार."

"आणि शेवटी जे असेल ते?"

कानसेन म्हणाला, "शेवटच्या गाण्यानंतर मी सुईसाठी एक बंद गोल चर कोरतो. सुई त्यात शिरली की बाहेर पडत नाही. तिथंच फिरत राहते, कुणी उचलेपर्यंत."

लॉन्ड्रीवालीच्या डोक्यात तेव्हाच सगळं शिजलं. पण ती एवढंच म्हणाली, "मुखवट्याचं घ्याल त्या दिवशी मला बोलवा. मला जवळून ऐकायचंय."

त्या दिवशी ती दुकान बंद करून तळघरात गेली. कानसेन म्हणाला, "हे गाणं माझ्याकडचं नाही बरं का. दुसऱ्या गावी कुठंतरी केलेलं, मी नुसती टेप बघतोय." त्यानं वाद्यं सगळी बंद केली आणि नुसता आवाज ठेवला. उघडा, एकटा. कानाशी श्वास ऐकू येत होता. तिनं डोळे मिटले. पदरात काय, ओंजळीत काय, कशात धरू असं झालं तिला.

'जराशी थांब', सूर लांबला, आणि त्या लांबलेल्या सुराच्या मागं, खोलीच्या कोपऱ्यातून यावा तसा, कुणाचा तरी खोकला.

"अरे?" कानसेननं मागं घेतलं, परत ऐकलं. पडद्यावर बोट ठेवलं. "हा बघा. मागं कुणालातरी ढास लागलीय. हा ठिपका दिसतो ना, तो खोकला."

लॉन्ड्रीवाली हसली. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. "ह्यांचाच. सिगारेटींचा. ही ढास मी लाखात ओळखेन. तेव्हासुद्धा होतीच म्हणायची!"

"सुराला लागत नाही, वेगळा आहे. खोडू?"

"विचारता काय? डाग आहे तो. काढा."

कानसेननं त्या ठिपक्यावर बोळा फिरवला. सूर स्वच्छ झाला, नुकत्याच धुतलेल्या चादरीसारखा. दोघं खूश. ती डाग काढणारी, तो आवाज पुसणारा. दोघांनाही स्वच्छ झालं ह्याच्यापलीकडं काही दिसलं नाही.

"दादा, आता ऐका. हे गाणं शेवटी घ्या."

"ताई! त्यांनी बजावलंय, शेवटी आजचं."

"आजचा जो आहे ना, तो मला 'हं' म्हणतो, हं! मी ह्या आवाजाशी लग्न केलं, दादा. मला तो परत द्या. आणि तो तुमचा बंद गोल आहे ना, तो रिकामा ठेवू नका. त्यात 'जराशी थांब' एवढं राहू दे. म्हणजे जायचा नाही."

कानसेननं डोकं खाजवलं, मशीनकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. "कंपनीला सांगतो, शेवट गोड लागतो," तो म्हणाला. "पण सरड्यानं माझी मान धरली तर सोडवायला या."

घरी आली तर जिन्याचं दार बंद होतं. ते कधी बंद नसायचं. टेबलावर एक कप, धुऊन पालथा घातलेला. खुर्ची आत सरकवलेली. सरडा वर झोपून गेला होता. लग्नानंतर ह्या माणसानं कप विसळला नव्हता. तिनं तो कप हातात घेतला आणि हरखून बघत बसली. येतोय, ती म्हणाली. येतोय माझा माणूस.

कोरायचा दिवस आला. सकाळी तिनं केस विंचरले, निळा झगा घातला. हातांना काम हवं म्हणून दुकानात इस्त्री तापत ठेवली आणि गिऱ्हाइकाचा पांढरा शर्ट पुढ्यात घेतला. फोन स्वयंपाकघरात टेबलावर, मोठ्या आवाजावर. मधलं दार सताड उघडं.

"सुई लावतो, ताई. मधे थांबता येत नाही बरं का. थांबलो तर तबकडी वाया."

"लावा."

फोनमधून जाकिटाची गिटार कडाडली आणि वर छतावर उड्या सुरू झाल्या. शीळ. भिंतीवर थापा. ती इस्त्री फिरवत राहिली. मग रंगाची गाणी, आणि वर कप्पे उघडल्याचे, खिदळल्याचे आवाज. काहीतरी फुटलं, आरसा असावा. मग वर्दी. सगळं घर हलायला लागलं, दुकानातल्या टांगलेल्या कोटांच्या बाह्या डुलायला लागल्या, जशी काही माणसंच आत उभी आहेत. मग यंत्रं. पावलं थांबली. खुर्ची एकदा करकरली आणि नुसतं घूं घूं राहिलं. हाच, तिच्या मनात आलं, हाच रोजचा. ह्यानंतर हा नाही.

एक क्षण तिला वाटलं ओरडावं, थांबवा म्हणून. कोण जाणे का. "हं" तर "हं", पण इतक्या वर्षांचा होता.

पण 'जराशी थांब' सुरू झालं.

वर सगळं शांत. मग कुणीतरी उठलं. पावलं हळू, जपून, दुसऱ्याच्या घरात चालावं तशी. जिना उतरली. गुडघा दुखत नव्हता. तिनं इस्त्री तशीच ठेवली आणि स्वयंपाकघरात धावली. जिन्याचं दार कुणीतरी पलीकडून हळूच लोटून घेतलं.

टकटक. दोन बोटांनी.

"वहिनी, आत येऊ का?"

ती टेबल धरून उभी राहिली. दार उघडलं. नवराच होता. तोच तुटका दात, भुवईवरचा तोच व्रण. पण चेहऱ्यावर ओशाळं हसू, आणि कानाच्या पाळ्या लाल. तो खुर्चीच्या काठावर टेकला.

"तो वर नाहीये, वहिनी," तो म्हणाला. "मी सगळीकडं बघितलं. कुठं गेलाय?"

हातांना सवय, हातांनी चहा केला, साखर घातली, पुढं ठेवला. त्यानं डाव्या हातानं चमचा उचलला. ढवळायला लागला. चमचा कपाला लागला नाही.

"भाऊजी?" ती म्हणाली.

"हो, वहिनी."

आणि तो गुणगुणायला लागला. फोनमधला आवाज आणि समोरचा आवाज एकच. कुठं शिवण नाही. तिला काउंटर आठवलं, गठ्ठा आठवला, "अजून काही?" आठवलं. कायमचा बसलेला घसा आठवला. आणि तो खोकला. गाताना माणूस खोकतो कसा? लांबलेल्या सुराच्या आतच स्वतःची ढास कशी येईल? पोरासोरांना कळलं असतं. गाणारा माइकपाशी होता, आणि तिचा नवरा मागं कोपऱ्यात सिगारेट ओढत बसला होता. सगळ्या गाण्यात तिच्या नवऱ्याचं म्हणून जे काही होतं, ते तेवढंच होतं. आणि तिनंच सांगितलं होतं, डाग आहे, काढा.

"झालं, ताई!" फोनमधून कानसेन. "सुई बंद गोलात गेली. काय म्हणताय, आला का नवरा?"

"दादा." तिनं फोन कानाला लावला, आवाज दाबून. "तो खोकला. टाकून दिलात का?"

"मी कशाला टाकतोय? मूळ कॉपी ठेवलीय की."

"लावा ती. आत्ता."

खुडखुड झाली. मग कानसेनचा आवाज आला तो तळघराच्याही खालून आल्यासारखा. "ताई, इथं खोकलाच होता ना? माझा कान फसायचा नाही..."

"का? काय झालं?"

"आता खोकला नाहीये. मागं कुणीतरी बोलतंय. लांबून. 'अगं' म्हणतंय. 'अगं, ए... अगं, दार उघड.'" तो थांबला. "ताई, हे कुणाला म्हणतंय? हे पण खोडू का?"

"हात लावू नका!" ती अशी ओरडली की समोरच्यानं मान वर केली. "खबरदार बोळा फिरवलात तर. दुसरी तबकडी घ्या, दादा. ते आहे तसं परत घालायचं, आणि शेवटचं गाणं आजचं. मी येते. येऊन उभी राहते तिथं."

"आत्ता?"

"आत्ता. निघालेच."

"मी जाऊ का, वहिनी?" तो म्हणाला. कप ठेवला. त्याला सगळं समजलं असावं, किंवा काहीच नसावं. तसाच बघत होता, काउंटरपलीकडून बघायचा तसा.

आता ह्याला काय म्हणावं तुम्ही सांगा. निघायला उठलेली बाई ती. पण तो आवाज रेडिओतून नव्हे, टेपेतून नव्हे, हाताच्या अंतरावरून, तिच्यापुरता, कधी ऐकलाच नव्हता तिनं. आणि परत कधी ऐकणार होती?

"बसा, भाऊजी," ती म्हणाली. "एकदा पुरं म्हणा. मग जाते मी."

तिनं खुर्ची ओढली. फोन टेबलावर पालथा ठेवला. तो खालून बारीक कुरकुरत राहिला, अगं, अगं ए. समोरचा गायला. पहिलं कडवं, दुसरं कडवं. तिचे गाल भिजले, तिनं पुसले नाहीत. शेवटची ओळ आली. 'जराशी थांब.' तिनं टेबलाला हात लावला, उठायला.

'जराशी थांब,' तो म्हणाला.

ती टेकली. संपेलच आता. अर्ध्यावर उठून जाणं बरं दिसत नाही.

'जराशी थांब.'

चहावर साय धरली. पालथ्या फोनखालचा आवाज आता दमला होता. पुढच्या दुकानातून कापड करपल्याचा वास यायला लागला, आधी थोडा, मग चांगलाच. ती ऐकत होती. गाणं संपलं की लगेच निघणार होती.

'जराशी थांब.'